रस्त्यात गाठ पडेल अशी खोली

४ जानेवारी

वन्सं,

ख्यालीखुशाली शेवटी लिहीन, जागा उरली तर. आधी कामाचं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी तुमच्या शहरात येते आहे आणि महिनाभर राहणार आहे. तुमच्याकडे नाही. तुम्ही आग्रह कराल म्हणून आत्ताच सांगते. तुमची जागा दीड खोलीची, गुडघे दोन्ही दुखरे, आणि आपण दोघी एका स्वयंपाकघरात चार दिवसांच्या वर टिकत नाही, हे तुमच्या भावाने आमच्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी ताडलं होतं. तेव्हा मला भाड्याची एक खोली हवी. ती कुठल्या भागात घ्यावी हे तुम्ही सांगायचं. अठ्ठावीस वर्षं तुम्ही त्या शहराच्या बसगाड्यांची वेळापत्रकं बसवलीत. कुठला रस्ता किती वाजता जागा होतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आता खोली कशासाठी ते. शहर बघायची मला हौस नाही. मला माझ्या मुलीला भेटायचं आहे.

आमच्या समोरच्या नर्सबाई नोव्हेंबरात प्रशिक्षणासाठी तिकडे होत्या. त्यांचा टेबलफॅन जळाला. तो घेऊन त्या मालधक्क्यामागच्या एका वाइंडिंगच्या दुकानात गेल्या, तर आत स्टुलावर बसून मोटारीवर तांब्याची तार गुंडाळत होती ती माझी मुलगी. बाईंनी ओळख दिली नाही. परत आल्यावर मला म्हणाल्या, "केस कापलेत तिने. आणि फॅन झकास चालतो." विज्ञानाची पदवी घेतलेली मुलगी जळक्या मोटारी दुरुस्त करते. असो.

सात वर्षं ती माझ्याशी बोललेली नाही हे तुम्ही जाणताच. चार वर्षांपूर्वी तुमचे भाऊ गेले तेव्हा आली, दाराशी उभी राहिली आणि संध्याकाळच्या गाडीने गेली. त्यानंतर मी, घर सोडल्यावर ती आधी राहिली त्या वसतिगृहाच्या पत्त्यावर दोन पत्रं पाठवली. दोन्ही परत आली. बोलावलं तर ती येणार नाही. मी तिच्या दारात गेले तर ती दार लावून घेईल. म्हणून गाठ रस्त्यात पडली पाहिजे, सहज, भाजी घेताना किंवा बसच्या थांब्यावर. रस्त्यात माणूस पाठ फिरवू शकतो, दार लावू शकत नाही.

तेव्हा मला तिच्या येण्याजाण्याच्या वाटेवरची खोली हवी. मालधक्क्यामागेच मिळाली तर उत्तम. दुकान किती वाजता बंद होतं, ती राहते कुठे, कुठली बस धरते, याची चौकशी करून लिहा. तिला कळता कामा नये. तुमची आणि तिची कधी गाठ पडते का, हेही लिहा. आजवर मी विचारलं नाही.

फोन करू नका. फोनवर तुम्ही विषय बदलता.

ऑक्टोबरात मी निवृत्त झाले. निरोपसमारंभात शिक्षकांनी माझ्याबद्दल चांगलं बोलायचा प्रयत्न केला. शाळा तपासायला येणाऱ्या बाईबद्दल चांगलं काय बोलणार? बिचाऱ्यांनी वक्तशीरपणावर भागवलं.

— वहिनी


१३ जानेवारी

वहिनी,

तुमचं पत्र वाचताना मी खुर्चीत आपोआप ताठ बसले. गुडघ्यांचं नाव काढलंत, बरं वाटलं. हल्ली त्यांची चौकशी फक्त डॉक्टर करतात.

माझ्याकडे राहायचं नाही हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. चार दिवस म्हणजे तुमच्या नवऱ्याने उदारपणे सांगितले होते. मी दोन म्हटले असते.

आता भाग. मालधक्क्यामागचा भाग तुम्ही डोक्यातून काढून टाका. उजाडल्यापासून ट्रक मागे घेतात, आणि मागे घेताना प्रत्येक ट्रक टुंई टुंई करत असतो. धूळ इतकी, की सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने पत्र लिहावं. भाड्याच्या खोल्या आहेत त्या ट्रकचालकांसाठी, एकेका खोलीत सहा सहा खाटा. तुम्ही सातव्या खाटेवर बसून त्या सहा जणांना पांघरुणाच्या घड्या घालायला शिकवाल, हे मला दिसतंय, पण नकोच.

जुना बाजार मजेचा आहे. खाली उतरलं की सुईपासून शिडीपर्यंत सगळं मिळतं. पण खाली उतरायचं म्हणजे तीन जिने, आणि जिन्यात दिवा नाही.

तुम्ही तळ्याकाठचा भाग घ्या. रुंद पदपथ, झाडं, बसायला बाक. सगळी निवृत्तांची वस्ती. सकाळी गोल फिरतात आणि एकमेकांच्या रक्तदाबाची चौकशी करतात. गोंगाट अजिबात नाही. पाचनंतर तर बससुद्धा त्या बाजूला वळत नाही. ती संध्याकाळची फेरी मीच बंद करायला लावली होती. गाडी रिकामी फिरायची. तिथे एका निवृत्त दंतवैद्यीणबाईंकडे वरची खोली आहे, स्वच्छ, पूर्वेची खिडकी. मी बोलून ठेवते.

आता भिंगरी. तुम्हाला हे नाव आवडत नाही, पण मी तिला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही आणि आता जीभ वळायची नाही. ती कधीतरी दिसते. चौकशी केली. दुकान सहाला बंद होतं आणि ती साडेसहाच्या बेचाळीस नंबरने तळ्यावरूनच घरी जाते. तेव्हा तळ्याकाठच्या थांब्यावर रोज जाऊन बसलात तर गाठ पडायची शक्यता आहे. नक्की म्हणत नाही. शक्यता.

दंतवैद्यीणबाईंना होकार कळवू का?

— तुमची वन्सं


२१ जानेवारी

वन्सं,

होकार कळवू नका.

तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर लिहिलंय की संध्याकाळी पाचनंतर तळ्याकडे एकही बस वळत नाही, ती फेरी तुम्ही स्वतः बंद करायला लावली. तिसऱ्या पानावर माझी मुलगी साडेसहाच्या बसने तळ्यावरून जाते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तुमच्या वयाला दोष दिला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा स्वतःची लाज वाटली. अठ्ठावीस वर्षं वेळापत्रकं बसवलेल्या बाईच्या हातून अशी चूक होत नाही. शाळेला सुट्टी असलेल्या दिवशीही हजेरीपटात सगळी मुलं हजर दाखवणारे मुख्याध्यापक मी पाहिलेत. तुमचं त्यातलंच झालं. तुम्ही खोटं लिहिलंत, आणि सवय नसल्यामुळे वाईट लिहिलंत.

शिवाय कधीतरी दिसणाऱ्या माणसाची साडेसहाची बस कुणाला ठाऊक नसते. एक तर तुम्हाला काहीच माहीत नाही, नाही तर सगळं माहीत आहे. मला दुसरं वाटतं.

म्हणजे तुम्ही मला महिनाभर शहराच्या दुसऱ्या टोकाला बसवून ठेवणार होतात. रोज संध्याकाळी, बाकावर, न येणाऱ्या बसची वाट बघत. आणि महिना संपला की तुम्ही म्हणाला असतात, काय करणार वहिनी, योग नव्हता.

मी रागावलेली नाही. हे वाक्य तीनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे.

खरं काय ते लिहा.

— वहिनी


२९ जानेवारी

वहिनी,

पकडलंत. आमच्या मोठ्या साहेबांनाही हे सापडलं नसतं. ते दुसरं पान वाचेपर्यंत झोपत.

खरं लिहिते. भिंगरी दर शनिवारी माझ्याकडे येते. सहा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं तर ती माझ्याच आतल्या अर्ध्या खोलीत राहिली. वाइंडिंगचं दुकान माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं. त्यांच्या हाताखाली ती शिकली, आता त्यांना दिसत नाही म्हणून दुकान तीच बघते आणि ते बाहेर खुर्ची टाकून गिऱ्हाइकांशी भांडतात. राहते दुकानाच्या वरच. तेव्हा तुम्ही मागितलेली वाटेवरची खोली मी काय, कुणीच शोधून देऊ शकणार नाही. तिच्या वाटेवर रस्ताच नाही. चौदा पायऱ्यांचा जिना आहे, तोही दुकानाच्या आतून.

तुम्हाला सांगायचं नाही असं तिने पहिल्याच दिवशी वचन घेतलं. मी दिलं, कारण दिलं नसतं तर ती माझ्याकडेही राहिली नसती. आणखी एक आत्ताच सांगून टाकते, पुन्हा तुमच्या तावडीत सापडायला नको. माझ्या भावाला सगळं ठाऊक होतं. तो फोन घेऊन मागच्या अंगणात जायचा ना, तो फोन माझा असायचा. कधी कधी तिचाही.

तुमचं पहिलं पत्र आलं त्या शनिवारी मी तिला सांगितलं. माझ्या पोटात राहिलं नाही. ती इथेही काम घेऊन येते. एका छोट्या मोटारीचे वेढे भरत होती, मोजत मोजत. मी बोलले आणि ती मोजणं विसरली. तिने सगळी तार उलगडली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. वेढे भरता भरता म्हणाली, "आत्या, शहर काही माझ्या मालकीचं नाही. आईला म्हणावं कुठेही राहा. पण कोपऱ्यावर उभं राहून मला बघायचं नाही."

"अगं, तिला फक्त सहज भेटायचंय," मी म्हटलं.

"आई सहज कधी कुठे गेली आहे?"

म्हणून मी तुम्हाला तळ्यावर बसवत होते. मला वाटलं, तुम्ही हवा खाऊन परत जाल, तिला त्रास होणार नाही आणि मला कुणाची बाजू घ्यावी लागणार नाही. माझी चूक झाली.

तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी तुमच्यावर सोडते. तुम्हाला सुचलं तर लिहा.

— तुमची वन्सं


६ फेब्रुवारी

वन्सं,

दोन वर्षं तुमचे भाऊ फोन घेऊन अंगणात जात होते आणि मी समजत होते, आत आवाज नीट येत नाही. मी त्यांना त्यासाठी अंगणात खुर्चीसुद्धा ठेवून दिली होती.

ठीक आहे. तिची बाजू तुम्ही सहा वर्षं ऐकलीत. माझी आता ऐका.

ती शिकवत होती त्या शाळेची तपासणी माझ्या सहकाऱ्याकडे होती. ते आजारी पडले आणि ती माझ्याकडे आली. मला ती दुसऱ्या कुणाकडे देता आली असती. दिली नाही, कारण लोक म्हणाले असते, बाईंनी मुलीची शाळा टाळली. तपासणीला न कळवता जायचं असतं, म्हणून तिला सांगितलं नाही. त्या सकाळी आम्ही एकाच टेबलाशी चहा प्यायलो. अकरा वाजता मी तिच्या वर्गावर गेले. मुलं जमिनीवर, हातात तारा आणि दिवे, नुसता गलका. पाठाचं टाचण, म्हणजे आज काय शिकवायचं ते शिक्षकाने आधी लिहून ठेवायचं असतं, ते तीन आठवडे कोरं. मी शेरेबुकात लिहिलं : वर्गावर नियंत्रण नाही, टाचण अपूर्ण, शिक्षिकेस समज द्यावी. मुख्याध्यापकांनी तो शेरा सगळ्या शिक्षकांसमोर मोठ्याने वाचला, त्याला मी काय करणार? आठ दिवसांनी ती नोकरी आणि घर दोन्ही सोडून गेली.

दुसऱ्या कुणाचीही मुलगी असती तरी मी हेच लिहिलं असतं. टाचण कोरं होतं, वन्सं. नव्हतं असं तिने म्हणून दाखवावं.

खोली बघू नका. माझं येणं रद्द.

— वहिनी


२७ फेब्रुवारी

वहिनी,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही, ते रागाने नाही. भिंगरीची परवानगी मागत होते. पुढे जे लिहिते आहे ते मला चार वर्षांपूर्वीच ठाऊक झालं होतं, पण ते माझं नव्हतं. परवाच्या शनिवारी ती म्हणाली, "सांग. मला काय."

टाचण कोरं होतं हे ती नाकारत नाही. कधीच नाकारलं नाही. "आईचा शेरा बरोबर होता," असं ती हसत सांगते. मुख्याध्यापकांनी वाचून दाखवलं त्याचंही तिला फारसं काही नाही. ते घसा खाकरत वाचत होते म्हणे, अर्ध्या लोकांना कळलंच नाही.

तुम्ही वर्गात जायच्या आधी दाराच्या आडोशाला उभ्या होतात. आठवतं? तुम्हाला वाटलं, तिला दिसलं नाही. तिने तुमची छत्री पाहिली होती, चौकटीच्या बाहेर टेकवलेली. मूठ तुटून बदललेली, तेव्हा ओळखायला वेळ लागला नाही. आणि वहिनी, तिला वाटलं, आई मला शिकवताना बघायला आलीये. दोन वर्षांत पहिल्यांदा. तुम्ही तपासनीस म्हणून आला असाल हे तिच्या मनातही आलं नाही.

तो तास उजळणीचा होता. मुलं गप्प बसून लिहीत होती. तिने फळा पुसला, कपाट उघडलं, होत्या नव्हत्या तेवढ्या तारा, बॅटऱ्या आणि दिवे बाहेर काढले आणि मुलांना जमिनीवर गटागटाने बसवलं. तुम्हाला दाखवायला. बावीस दिवे एकदम लागले, मुलं ओरडली आणि तिने दाराकडे पाहिलं. तुम्ही आत आलात आणि म्हणालात, "टाचणवही."

तो गलका तुमच्यासाठी होता, वहिनी.

तिचं म्हणणं इतकंच आहे : आईला यायचं असेल तर येऊ दे, पण कोण म्हणून येणार ते आधी लिहून कळव. दारात पाहून मला ओळखता येत नाही.

खाली तिचा पत्ता देते आहे. दे असं ती म्हणाली नाही. देऊ नकोस असंही म्हणाली नाही.

— तुमची वन्सं


१९ मार्च

मायन्यात काय लिहावं ते ठरेना, म्हणून वरची जागा मोकळी सोडली आहे. पत्र तुलाच आहे.

आत्याने मला छत्रीचं लिहिलं. त्याला तीन आठवडे होऊन गेले. या पत्राचे चार मसुदे झाले. पहिले तीन वाचून पाहिले, तर ते खुलासे होते. कार्यालयाला लिहितात तसे.

दाराशी मी बारा मिनिटं उभी होते. दिवे लागलेले मी पाहिले. एका मुलीचा लागत नव्हता, तू तिच्या शेजारी बसलीस आणि तिच्याकडून तार फिरवून घेतलीस, स्वतः हात लावला नाहीस, तेही पाहिलं. मला आवडलं होतं. नुसतं आवडलं नव्हतं. बावीस वर्षांच्या तपासण्यांत मी असे तास चार किंवा पाच पाहिले असतील.

शेऱ्यात आवडलं असं लिहायला जागा नसते, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. ते खरं नाही. पानाच्या शेवटी एक रकाना असतो, विशेष उल्लेखनीय बाब. तो मी रिकामा सोडला. तू माझी मुलगी, लोक म्हणतील आईने कौतुक केलं, म्हणून सोडला. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मी तो भरला असता. दुसऱ्या कुणाचीही मुलगी असती तरी मी हेच लिहिलं असतं, असं मी सात वर्षं सगळ्यांना सांगत आले. तुझ्या बाबांना सांगितलं, आत्याला अगदी परवा लिहिलं. ते खोटं आहे. हे मला या महिन्यात कळलं.

कोरं टाचण मात्र कोरंच होतं. ते मी बदलू शकत नाही.

एप्रिलमध्ये महिनाभर तुझ्या शहरात यावं असं मनात आहे. आई म्हणून. कुठल्या भागात राहू ते तू सांग. तू म्हणशील तिथे राहीन, म्हणशील तेवढ्या लांब. येऊ नको म्हणालीस तर येणार नाही. उत्तर आलं नाही तरी येणार नाही, आणि आत्याकडे चौकशीही करणार नाही.

— आई


२ एप्रिल

आई,

पत्र मिळालं. आधी दुकानात वाचलं, मग वर जाऊन वाचलं. मिस्त्रीकाकांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, तर म्हणाले मग एकाच मोटारीला दोनदा वार्निश का लावतेस?

तळ्याकाठचा भाग चांगला आहे, पण तुझ्यासाठी नाही. तिथे सकाळी भेटेल तो रक्तदाब सांगतो. तू चार दिवसांत सगळ्यांच्या गोळ्यांच्या वेळा तपासायला लागशील. जुना बाजार नको, जिन्यांवर अंधार असतो हे आत्याने खरं लिहिलं होतं. मालधक्क्याचं खोटं लिहिलं होतं. खोल्या मिळतात. आमच्याच गल्लीत एक रिकामी आहे, दुकानासमोरून तिसरं दार. ती तू घेऊ नकोस. खिडकी उघडली की तू दिसशील, ते मला नको आहे. अजून नको आहे.

पाण्याच्या उंच टाकीखाली शिंप्यांची वस्ती आहे, तिथे घे. रस्ते सपाट आहेत. दिवसभर मशीनचा आवाज असतो पण तो एकसारखा असतो, त्याचा त्रास होत नाही. कोपऱ्यावर वाचनालय आहे, दवाखाना आहे. एका शिंपीणबाईंची माडीवरची खोली आहे. मी त्यांच्या शिलाई मशीनच्या मोटारी बघते, त्यांना सांगून ठेवलंय. बाई बोलक्या आहेत, तू कमी बोललीस तरी चालेल.

तिथून माझ्याकडे यायला दोन बस लागतात, पाऊण तास. मुद्दाम तिथे सांगते आहे. म्हणजे मी आले तर वाटेत होतं म्हणून आले असं होणार नाही.

तू दुकानात येऊ नकोस. रविवारी चारला मी येईन. एखाद्या रविवारी जमणार नाही. तेव्हा वाट बघत बसू नकोस, असं लिहिणार होते, पण तू बसशीलच.

पत्राबद्दल आत्ता काही लिहीत नाही. एवढंच, की शेवटी तो रकाना असतो हे मला ठाऊक होतं. मीही शिक्षिका होते. शेरेबुक फिरत माझ्याकडे सहीला आलं तेव्हा मी आधी तोच बघितला होता.

— मी


२९ एप्रिल

वन्सं,

बुधवारी तुमच्याकडे येतेच आहे, पण तोंडाने सांगताना मी घाई करीन आणि तुम्ही मध्ये बोलाल. म्हणून आधी हे वाचून ठेवा.

खोली चांगली आहे. पश्चिमेची मोठी खिडकी आहे आणि खाली सात मशीनं चालतात. शिंपीणबाई मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुम्ही आमच्या इंजिनियरबाईंच्या आई ना?" मी हो म्हटलं. त्यांनी आणखी बरंच सांगितलं. मी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. हे लिहून ठेवते आहे, कारण तुम्ही विश्वास ठेवणार नाही.

पहिल्या रविवारी ती आली नाही. मी साडेसातपर्यंत बसले आणि मग जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीखालच्या थांब्यावर गेले. मालधक्क्याकडे जायच्या दोन बसपैकी पहिली आली. वाहकबाई म्हणाल्या, "चढताय ना, आजी?" मी म्हटलं नाही. बस गेली. मी वाचनालयात जाऊन एकच पान तासभर वाचलं. हे तिला सांगू नका.

काल ती आली. चार वाजून दहा मिनिटांनी. मी घड्याळाकडे बघितलं हे तिने बघितलं. केस खरंच कापलेत. तिला शोभतात. बोटांची टोकं काळी झाली आहेत आणि कपड्यांना वार्निशचा वास येतो. मी चहा केला. पाण्याच्या पंपाच्या मोटारीबद्दल ती बरंच बोलली. कुणीतरी घाईत वेढे कमी भरले होते, त्यामुळे ती मोटार दर महिन्याला जळायची. हिने उलगडून मोजले तेव्हा सापडलं. मी ऐकलं. पुन्हा शिकवायचा विचार आहे का, हा प्रश्न दोनदा अगदी तोंडाशी आला. दोन्ही वेळा चहा प्यायले.

मग तिने खिडकीकडे पाहिलं. ऊन पलंगाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत आलं होतं.

"इथे नको राहूस, आई," ती म्हणाली. "संध्याकाळी भट्टी होत असेल. मला कळलंच नव्हतं खिडकी या बाजूला आहे. आमच्या गल्लीतली ती खोली अजून रिकामी आहे. उद्या सामान हलवू."

वन्सं, याच खोलीसाठी मी जानेवारीपासून तुमचा जीव खाल्ला. हो म्हणायला मी तोंड उघडलंसुद्धा होतं.

"मी तिथे असावं असं तुला वाटतं," मी विचारलं, "की मला ऊन लागतं म्हणून म्हणतेस?"

तिने विचार केला. खोटं सांगायचं असतं तर तेवढा वेळ लागला नसता.

"ऊन लागतं म्हणून."

"मग राहू दे. खिडकीला चादर लावीन. दुसरं काही कारण सापडलं तर कळव. मी पुढच्या महिन्यातही इथे राहू शकते, शिंपीणबाईंना विचारलंय."

तिने खाली ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं. मला वाटलं, चुकलं. आता ती पिशवी उचलेल आणि जाईल.

"चादर नको," ती म्हणाली. "वारा अडेल." आणि खुर्ची ओढून सावलीत घेतली आणि बसली.

आल्यापासून पाऊण तास ती उभीच होती, हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

— वहिनी